फोटो तरी जावाचा टाकायचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पसांत्रेनमधल्या, म्हणजे इंडोनेशियातल्या निवासी मदरशांमधल्या, लग्नांवरचा लेख काल ई-पेपरवर वाचला. लेखकमहाशय आठवडाभर फिरून आलेले दिसतात, मी नऊ वर्षं इथे जावा बेटावर सुराबायात राहतेय, म्हणून लिहायचं धाडस करते.

लेखात म्हणे, "क्याईने बोट दाखवलं की पोरगी बोहल्यावर." क्याई म्हणजे पसांत्रेनचा प्रमुख गुरू. इतकं सोपं नसतं हो ते! आमच्या शेजारची मुलगी जोंबांगकडच्या एका पसांत्रेनमध्ये होती, विसाव्या वर्षी तिथल्या न्याईने (क्याईची बायको, मुलींचं सगळं तिच्याच हातात, लेखात तिचा पत्ताच नाही) एका हुशार सांत्रीचं (तिथल्या विद्यार्थ्याचं) स्थळ सुचवलं. बाप चटईवर मान खाली घालून नुसता "इंग्गिह, इंग्गिह" करून आला, म्हणजे हो जी, हो जी. मुलीने तोंडावर नाही म्हटलंच नाही. इस्तिखाराची नमाज (निर्णयासाठी अल्लाकडे कौल मागायची) पढली आणि चार दिवसांनी निरोप धाडला की मनाला कौल मिळत नाही. झालं, गुरूचा शब्दही राहिला आणि लग्नही टळलं. फक्त तिची आई अजून ऐकवते, बरकत गेली ती तेव्हाच. मिक्सर बंद पडला तरी.

सगळं गोड आहे असं माझं म्हणणं नाही. 2019 मध्ये इथे मुलींचं लग्नाचं किमान वय 16 चं 19 केलं तरी लोक कोर्टातून सूट आणतातच, त्यावर दोन ओळी हव्या होत्या. 2017 मध्ये चिरेबोनच्या पसांत्रेनमध्येच महिला उलेमांची परिषद भरली आणि त्या बालविवाहाविरुद्ध बोलल्या, तेही गायब. गुस दुर, जे पुढे इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांचं लग्न 1968 मध्ये लागलं तेव्हा ते शिकायला परदेशात आणि नवऱ्याच्या जागी बसले आजोबा! एवढा मसाला हाताशी असताना लेखात नुसते उसासे.

आणि तो फोटो! काळे बुरखे, मागे वाळवंट. जावात वाळवंट कुठून आणलंत? पसांत्रेनच्या भिंतीला लागून भातशेती असते साहेब, मुली सारोंग नेसतात. बरं, त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर "गोरी, सडपातळ, 96 कुळी, पुण्यात स्वतःचा फ्लॅट असणाऱ्यांनीच संपर्क साधावा" वगैरे जाहिराती आहेत, त्यांच्यावर कधी येतोय लेख?

जाता जाता, ई-पेपरवर शब्दकोड्याचे उभे शब्द दोन आठवडे कापलेले दिसतायत. दोन मेल केले, उत्तर नाही.

– एक वाचक, सध्या मु. सुराबाया