पाय कापल्यावर पुढचं कोण बघणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शुगरमुळे पाय कापावा लागलेले पेशंट आपल्याकडे कमी नाहीत, पण ऑपरेशननंतर त्यांचं काय होतं हे कोणी विचारत नाही म्हणून लिहितेय. माझ्या मामांचा पाय गुडघ्याखालून काढला, सरकारी योजनेतून ऑपरेशन फुकट झालं, डॉक्टर-सिस्टर सगळ्यांनी मनापासून केलं. पण डिस्चार्ज कार्डवर गोळ्या, इन्सुलिन, ड्रेसिंग सगळं होतं आणि कृत्रिम पायाबद्दल एक ओळसुद्धा नाही. विचारलं तर म्हणाले, ते बाहेर बघा, कॅम्प लागतात कधीकधी.

आता कॅम्प लागेपर्यंत पेशंट घरी पडून, आणि खरं नुकसान तेव्हाच होतं. दुखतंय म्हणून घरचे गुडघ्याखाली उशी देतात, त्यानं गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग कृत्रिम पाय नीट बसवता येत नाही. क्रेप बँडेज रोज नीट बांधलं नाही तर सूज उतरत नाही, सॉकेटचं, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत उरलेला पाय बसतो तिचं, माप चुकतं. हे सांगायला पाच मिनिटं लागतात हो! व्हीलचेअरचंही तेच, कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला चुकीच्या मापाची खुर्ची दिली की बेडसोअर होतात, मग परत ऍडमिट.

मुळात हॉस्पिटल आरोग्य खात्याकडे आणि साधनं देणारी केंद्राची एडिप योजना, जी १९८१ पासून आहे, ती सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. तिथं आधी ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणा. प्रायव्हेट विम्यातही वॉकर, नी ब्रेसचे पैसे सहसा कापतातच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये अशा ५० अत्यावश्यक साधनांची यादी केली, व्हीलचेअर, हिअरिंग एड, कृत्रिम पाय सगळं त्यात आहे, म्हणजे हे दानधर्माचं सामान नाही, उपचारच आहे.

आणि आपल्याकडे जमत नाही असंही नाही. मुंबईत हाजी अलीला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाचीच संस्था १९५५ पासून आहे, डॉक्टर, फिजिओ आणि कृत्रिम पायाचं वर्कशॉप एकाच आवारात. पण गडचिरोलीच्या पेशंटनं तिथं कसं जायचं? निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात माप घेणारा एक तज्ज्ञ द्या, आणि डिस्चार्ज कार्डवर औषधांच्या खालीच साधनाचं नाव, ते कुठं मिळेल आणि मापाची तारीख लिहून द्या. त्याला नवी योजना लागत नाही, आरोग्य खात्याचं एक परिपत्रक पुरेल.

एक वाचक, सातारा