दोन बाटल्या पाठवते आहे

बर्नकास्टेल, मोझेल खोरे, जर्मनी
20 ऑक्टोबर

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे, थंडीचे कपडे पुरेसे आहेत. बाबा, वाइनच्या कामाची काळजी करू नका. टाक्यांमधली वाइन तपासताना तोंडात फिरवून थुंकूनच टाकायची असते, गिळली तर चौथ्या टाकीला जीभ काही सांगत नाही.

इथे द्राक्षाला मांडव नाही. उतार इतका उभा की रीस्लिंग या पांढऱ्या द्राक्षाचा एकेक वेल एकेका खांबाला बांधतात आणि तोडणी हातानेच. खाली पाटीचा दगड, तो दिवसाचे ऊन रात्री सोडतो, म्हणून या थंडीत द्राक्ष पिकते. छाटणी एकच, हिवाळ्यात.

एक रीत मात्र मला समजायला वेळ लागला. शेतकरी दारावर डहाळ्यांचा गुच्छ टांगतो. तोरण नव्हे. अर्थ असा की आज घर खुले आहे, कोणीही आत येऊन बसावे. याला श्ट्राउसविर्टशाफ्ट म्हणतात. वर्षात फार तर 4 महिने, 40 जणांपुरती जागा, वाइन फक्त स्वतःच्या बागेची आणि खायला साधे काहीतरी. गुच्छ उतरवला की घर पुन्हा घरच्यांचे. आपल्या हुरड्यासारखे समजा, फक्त आमंत्रण दाराला टांगलेले.

दादाबरोबर दोन बाटल्या येतायत. दोन लिटरपर्यंत जकात लागत नाही, या दोन्ही मिळून दीडच लिटर आहेत.

त्यातली काबिनेट, म्हणजे हलकी वाइन, आधी उघडा. आंबवण मध्येच थंड करून थांबवल्याने द्राक्षाची थोडी साखर उरते आणि अल्कोहोल 8-9 टक्केच राहते. म्हणून ती तिखटाला चालते: अल्कोहोल तिखटाची आग वाढवते, गोडवा ती निववतो. चिंच-गुळाची अळूवडी किंवा तळलेली सुरमई करा. ठेचा नको, त्यापुढे काहीच टिकत नाही. फ्रिजमध्ये तीन तास ठेवून दहा मिनिटे आधी काढा. बर्फ घालू नका, फार गार झाली तर वास मिटतो आणि नुसती आंबट लागते. पेला एक तृतीयांशच भरा. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस चांगली राहते.

दुसरी आउसलेझे, बरीच गोड. आई, ही करंजी-लाडवांबरोबर देऊ नकोस. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट लागते. खारे काजू, चकली चालेल. तोवर बाटली गॅसजवळच्या फळीवर नको, उष्णतेने वाइन शिजते.

सोसायटीच्या हप्त्याचे पैसे 5 तारखेपर्यंत खात्यात येतील, ठिबकचे पुढच्या महिन्यात. बाबा, त्यासाठी कोणाकडे शब्द टाकू नका. पुण्याच्या स्थळाला नाही म्हणत नाही, मार्चमध्ये आले की भेटेन. पण माझ्या वतीने होकार कळवू नका. दिवाळीला येत नाही हे आईला मी फोनवर नीट सांगितलेच नव्हते, म्हणून इथे लिहिते. पहिल्या आंघोळीच्या वेळी मी जागीच असेन, इथे तेव्हा मध्यरात्र. फोन लावा.

तुमची,
छोटी