फोटो पोहोचले, नावं वाटेत राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातले जुने फोटो स्कॅन करून ठेवा, असं हल्ली जो तो सांगतो. फोटोतली माणसं कोण, हे कुठे लिहायचं ते मात्र कुणी सांगत नाही. त्यापायी माझी दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, म्हणून हे पत्र.

आमच्याकडचे 312 फोटो मी भाच्याच्या मॅकवर, म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरवर, स्कॅन केले. शेजारी आत्याला बसवलं. ती सांगायची, ‘मागच्या रांगेत टोपीवाला, तो बापूचा मेहुणा, बार्शीचा. नाकावर जाऊ नकोस, नाक सगळ्यांचं तसंच आहे.’ मी ते फाइलची माहिती दाखवणाऱ्या ‘गेट इन्फो’मधल्या शेऱ्याच्या चौकटीत टिपायचो. लग्नाच्या फोटोंना लाल टॅग, मुंजीच्या फोटोंना पिवळा.

सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं आणि अल्बमसाठी स्टुडिओत दिलं. तिथे विंडोज. फोटो दिसले, शेरे गायब. उलट प्रत्येक फोटोमागे टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी, त्याच नावाची 4 केबीची एकेक फाइल. उघडायला जावं तर उघडत नाही. ‘काका, व्हायरस आहे,’ म्हणत तिथल्या मुलाने सगळ्या उडवल्या, वर त्याच ड्राइव्हवर अल्बमची डिझाइनं भरून दिली. आत्याचं सांगणं त्या फाइलींतच होतं! तोवर भाच्याने मॅक पुसून विकला होता.

त्या मुलाला तरी काय बोलणार? शेरा आणि टॅग फोटोच्या आत नसतातच, मॅकची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, ते फाइलला बाहेरून जोडून ठेवते. पेन ड्राइव्ह होता एफएटी 32 या जुन्या, साध्या पद्धतीचा. त्यात फाइलची मूळ नोंद अवघी 32 बाइटची: नाव, आकार, तारीख, संपलं. जोडलेल्या मजकुराला जागाच नाही, म्हणून मॅक तो वेगळ्या फाइलीत काढतो. फाइलला असं काही जोडायची सोय काही नवी नाही. मॅकमध्ये 1984 पासून फाइलला दुसरा कप्पा होता, विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्येही 1993 पासून असे जादा कप्पे आहेत. लिनक्स या तिसऱ्या प्रणालीतही ही सोय आहे, पण तिथल्या कॉपी करायच्या साध्या ‘सीपी’ आज्ञेने फाइल कॉपी केली की जोडलेला मजकूर मागेच राहतो. प्रत्येकाचा कप्पा निराळा, दुसऱ्याला त्याचा पत्ता नाही.

मी जन्मभर ग्रंथपाल. पुस्तक दुसऱ्या वाचनालयात गेलं तरी त्याचं कार्ड आपल्याच खणात राहतं, हे मला कळायला हवं होतं. पुस्तकाच्या आत शिक्का मारतात तो त्यासाठीच. जेपीजी फोटोतही ओळखीचा मजकूर आत लिहिता येतो. विंडोजवर ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘डिटेल्स’मध्ये लिहिलेलं शीर्षक फाइलमध्येच जातं. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवलात तर तेही गळतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो. म्हणून फोटोंच्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक यादी हवी, क्रमांकानिशी.

आपल्या पुरवणीसाठी वाचकांकडून जुने फोटो मागवता, तेव्हा ही यादीही मागवावी, एवढीच विनंती.

आत्याकडे पुन्हा गेलो होतो. ‘मागच्या खेपेला सगळं लिहून घेतलं होतंस ना रे?’ म्हणाली. सांगितलं खरं काय ते. आत्तापर्यंत 40 फोटो झालेत.

– एक निवृत्त ग्रंथपाल, वाई