ओव्यांमधला श शोधून देणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार. तुमचं खरं नाव मला माहीत नाही, प्रोफाइलवर नुसता सायकलचा फोटो आहे आणि मी सर म्हटल्यावर तुम्ही म्हणालात सर नको, म्हणून दादा. मेसेजमध्ये थँक्यू म्हणून झालंय पण तेवढ्याने माझं समाधान होत नाहीये, आणि तुम्ही जे केलंत ते बाकीच्यांनाही कळायला हवं म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या आईने माण तालुक्यातल्या आमच्या आत्या, मावश्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायका यांच्याकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून वह्यांमध्ये उतरवल्या होत्या, आणि २००३ च्या आसपास शाळेतल्या एका बाईंकडून त्या कृतिदेव फॉन्टमध्ये टाईप करून घेतल्या. वह्या नंतर पावसाने गेल्या. आई आता नाही, आणि ज्यांनी ओव्या म्हटल्या त्यातल्याही बहुतेक जणी नाहीत, त्यामुळे जे काय उरलंय ते त्या एका वर्ड फाईलमध्ये. ती नव्या लॅपटॉपवर उघडली तर पानंच्या पानं नुसती इंग्रजी अक्षरं, कॉमा आणि कंस.

मी हा प्रश्न तीन ठिकाणी टाकला. विंडोजवाल्यांच्या फोरमवर, मराठी टायपिंगच्या ग्रुपवर आणि जुन्या डीटीपीवाल्यांच्या (छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्यांच्या) ग्रुपवर. हे मुद्दाम केलं आणि मला ते आजही बरोबरच वाटतं, कारण विंडोजच्या लोकांना मराठी येत नाही, मराठी टायपिंगवाले बहुतेक युनिकोडवर (आज फोन-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालतं त्यावर) शिकलेले, आणि डीटीपीवाल्यांचा सगळा जन्म पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलेला, वर्डशी त्यांचं फारसं पटत नाही. तिन्हीकडे माणसं चांगली होती. विंडोजवाल्यांनी सांगितलं फॉन्ट नाहीये, इन्स्टॉल करा. टायपिंगच्या ग्रुपने जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरची लिंक दिली. पण फॉन्ट टाकूनही आणि कन्व्हर्टर चालवूनही मजकुरात भोकं पडलेली, जिथे श किंवा ष हवा तिथे नुसतं अवतरणचिन्ह आणि त्याच्या पुढे लोंबणारा काना. आषाढी एकादशी हे दोनच शब्द घ्या, पहिल्यातला ष गायब, दुसऱ्यातला श गायब, आणि पंढरीच्या ओव्यांमध्ये तर ते दर दोन ओळींनी येतात.

इथे तुम्ही आलात. तुम्हाला माझा प्रश्न दोन ठिकाणी दिसला होता, तिसरं ठिकाण तुम्ही मला विचारून घेतलंत, आणि मग तिन्हीकडची सगळी उत्तरं वरपासून खालपर्यंत वाचून काढलीत. हे कोण करतं हो? अशा वेळी लोक चिडतात आणि ते का चिडतात तेही कळतं, एका ठिकाणी सुटलेल्या प्रश्नावर दुसरीकडे कोणीतरी रात्री अकरा वाजता डोकं लावून बसलेलं असतं, फुकट, स्वतःचा वेळ घालून. तुम्ही मात्र तिन्हीकडे बाकीच्या दोन ठिकाणांच्या लिंक टाकल्यात आणि खाली लिहिलंत, 'हाच प्रश्न इथेही चालू आहे, आधी तिथे काय निघालंय ते वाचा.'

आणि त्यातूनच उत्तर निघालं. डीटीपीच्या ग्रुपवर एका काकांनी जाता जाता लिहिलेलं की कृतिदेवमध्ये अर्धा श एकेरी अवतरणचिन्हाच्या बटणावर असतो आणि अर्धा ष दुहेरीच्या. विंडोजच्या फोरमवर एकाने माझा स्क्रीनशॉट बघून म्हटलेलं की तुझी सगळी अवतरणचिन्हं वाकडी आहेत, सरळ नाहीत, पण मराठी येत नसल्यामुळे त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. दोघांना एकमेकांचं माहीतच नव्हतं. तुम्ही ते जोडलंत. म्हणजे मधल्या वीस वर्षांत कधीतरी, कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर वर्डच्या ऑटोफॉरमॅटने सरळ चिन्हं वाकडी करून टाकली असणार, आणि वाकडं चिन्ह कृतिदेवच्या लेखी श नाहीच.

तुम्ही मला जे समजावलंत ते इथे लिहिते, कारण अशा फाईली घरोघरी पडल्यात. कृतिदेवच्या फाईलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. 'मराठी' हा शब्द आत ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच असा असतो, फॉन्ट फक्त त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी म, र, काना, ठ, वेलांटी दाखवतो. शिवाय ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली असते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलटा, म्हणून कन्व्हर्टरला नुसती अक्षरं बदलून भागत नाही, जागाही बदलाव्या लागतात. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, देवनागरी तेव्हापासून त्यात आहे, पण पेजमेकरला ते चालत नव्हतं म्हणून आपल्याकडचं छापायचं काम पुढे कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टवरच झालं.

मग तुमच्या सांगण्याप्रमाणे मूळ फाईलची कॉपी काढून बाजूला ठेवली, वर्डच्या ऑटोकरेक्टमधलं स्मार्ट कोट्स, म्हणजे चिन्हं आपोआप वाकडी करणारं, दोन्ही टॅबमध्ये बंद केलं (खरं तर 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाईप'च्या टॅबमधलं बंद केलं तरी पुरतं), फाइंड रिप्लेसने वाकडी चिन्हं सरळ केली आणि मग कन्व्हर्टर चालवला. श आला! ष आला! वाऱ्यातला आणि दऱ्याखोऱ्यातला ऱ राहिला होता, तो हाताने केला, कारण तो कन्व्हर्टर हिंदीसाठी बनवलेला आणि हिंदीला तो लागत नाही.

खरं तर इथे तुमचं काम संपलं होतं. पण तुम्ही म्हणालात आता उत्तर तिन्ही ठिकाणी पूर्ण लिही, नुसतं 'सुटलं, धन्यवाद' नको, आणि डीटीपीवाल्या काकांचं आणि विंडोजवाल्या मुलाचं नाव तिन्हीकडे घे. मी मराठीत दोन ठिकाणी लिहिलं, इंग्रजीतलं तुम्ही तपासून दिलंत. त्या मुलाने खाली विचारलंय की ओव्या म्हणजे काय, त्याला मी सावकाश उत्तर लिहितेय. आणि परवा टायपिंगच्या ग्रुपवर एका बाईंचा मेसेज आला, त्यांच्या सासऱ्यांच्या कीर्तनाच्या टिपणांची कृतिदेवमधलीच फाईल, तोच श गेलेला, त्यांनी आपलं उत्तर वाचून स्वतःच दुरुस्त केली.

फाईल आता घरात सगळ्यांच्या फोनवर आहे. दहिवडीच्या आत्याने वाचून दोन ओव्यांमधले शब्द फोनवर म्हणून दाखवत बदलायला लावले, म्हणाली आम्ही असं म्हणायचो. ते बदल करून प्रिंट काढणार आहे, एक प्रत तुमच्यासाठी. पत्ता मेसेजमध्ये पाठवा दादा, नको म्हणू नका.