अर्धांगवायूवर मी मात केलेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत माझ्यावर चौकट आली. फोटो झकास आला, घरच्यांनी कात्रण देव्हाऱ्याशेजारी लावलंय. पण मथळा होता 'जिद्दीच्या बळावर अर्धांगवायूवर मात', आणि ते खरं नाही. लिहिणारा पोरगा गुणी आहे. दोन तास बसून त्याने सगळं ऐकून घेतलं. बहुधा जागा कमी पडली असेल आणि मधलं गळालं असेल. तेवढं मी भरून देतो.

माझा उजवा हात बरा झालेला नाही. खांद्यातून थोडा उचलतो, बोटं मिटलेलीच असतात. मी हात बदलला, एवढंच.

मी गंगावेशीतला बोर्ड पेंटर. कोल्हापुरात पेंटर म्हटलं की आधी बाबूराव पेंटर आठवतात, त्यामुळे या शब्दाला इथे मान आहे. आम्ही त्या जिन्याच्या अगदी खालच्या पायरीवरचे: दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीतल्या भिंती. फ्लेक्स आला तशी निम्मी कामं गेली. मग नंबर प्लेटांवर दिवस काढले. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच लागून यायला लागली, तेही आटलं. आणि त्याच जुलैत झटका आला.

रात्री जेवताना हातातली भाकरी ताटात पडली. जीभ जड झाली. बायको म्हणाली, "अवो, तोंड वाकडं दिसतंय तुमचं." मी म्हटलं, पित्त झालंय, झोपलो की उतरेल. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला दवाखान्यात कळलं. तोवर बारा तास उलटून गेले होते. बातमीत 'नियतीने घाला घातला' असं छापलंय. नियती कसली, मी झोपलो होतो! हे एक वाक्य छापलं असतं तर कदाचित एखाद्या वाचकाने वाकडं तोंड बघून रात्रीच रिक्षा बोलावली असती.

व्यायाम सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले आणि महापूर आला. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 च्या वर गेलं. तालमीच्या पोरांनी मला खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं. मंगळवार पेठेत बहिणीकडे मुक्काम पडला, फिजिओथेरपी तुटली. हलायला लागलेला अंगठा पुन्हा गप्प झाला. पाणी उतरल्यावर घरी आलो तर ब्रशांचा डबा चिखलाने भरलेला. जरा बस्तान बसतंय तोवर मार्च 2020 चं लॉकडाऊन. पाय तेवढा सुधारला. हात तिथेच थांबला.

आता ज्या कारणासाठी हे पत्र लिहितोय ते. माझ्याबरोबर व्यायामाला एक गवंडी यायचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, त्याचाही उजवाच हात गेलेला. माझ्या आधी यायचा, माझ्यानंतर जायचा. वाटीतले राजमे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकायचे, हा आमचा धडा. मी वीस दाण्यांत कंटाळायचो, तो शंभर पुरे केल्याशिवाय उठायचा नाही. त्याचा हात आला नाही. डाव्या हाताने मला अक्षर काढता येतं, पण एका हाताने वीट कशी बसवणार? गेल्या आठवड्यात त्याच्या घरी कुणीतरी आपलं कात्रण नेऊन दाखवलं, वर म्हणाला, "बघ, जिद्द लागते." त्याच्या बायकोने मला फोन करून सांगितलं. ती चिडली नव्हती, त्याचंच मला जास्त लागलं.

डाव्या हाताचं सांगायचं तर पहिलं वर्ष पाटीवर बाराखडीच गिरवली. दुकानाचा बोर्ड धरला तेव्हा नवीनच भानगड. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे डाव्या हाताचं मनगट आधीच्या ओल्या अक्षरावरून फिरतं आणि रंग फासटतो. तीन पत्रे वाया गेले. शेवटी खडूने पूर्ण नाव आखून घ्यायचं आणि रंग उजवीकडून भरत यायचं, अशी रीत बसवली. म्हणजे शेवटचं अक्षर आधी. शिरोरेषाही उलटीच ओढतो. रेघ मारायच्या दोरीला दोन हात लागतात. एक टोक मी धरतो, दुसरं बायको. बातमीत तिला 'पत्नीची साथ' एवढे दोन शब्द मिळालेत. तिने दोन वर्षं पहाटे चारला उठून लोकांच्या भाकऱ्या थापल्या, त्यातून फिजिओचे एका वेळचे तीनशे रुपये निघायचे.

आमच्या कट्ट्यावरचे म्हातारे खाशाबा जाधवांची गोष्ट सांगताना एकदम हेलसिंकीच्या पदकावर जात नाहीत. 1948 ला लाल मातीतला हा पैलवान लंडनला मॅटवर उतरला आणि सहावा आला, तिथून सुरुवात करतात. मग राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले, ते येतं. 1952 चं ब्राँझ येईपर्यंत चहा संपलेला असतो. पुरवणीत असं सांगायला काय हरकत आहे?

माझा पहिला डावखुरा बोर्ड गिरणीवाल्याने करून घेतला. 'उधार बंद'. पूर्वी अर्ध्या तासाचं काम, नऊ दिवस लागले. सुरुवात 'द' पासून. 'उ' जरा कलंडलाय, पण रस्त्यापलीकडून वाचता येतो. पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणाला.

खुलासा छापलात तर एक अंक त्या गवंड्याच्या घरी मी स्वतः नेऊन देईन. पत्र चार दिवस लिहीत होतो. तिसऱ्या पानावर शाई फासटली आहे, तेवढं सांभाळून वाचावं.

आपला,
एक बोर्ड पेंटर
गंगावेस, कोल्हापूर