प्रेमगीतांतून इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण तुमची शिकवण्याची रीत आणखी काही जणांना कळावी असं मला मनापासून वाटतं. इंग्रजीचं व्याकरण मी तुमच्याकडे येण्याआधीही शिकले होते. काळांचे तक्ते पाठ होते, क्रियापदांची तिन्ही रूपं धडाधड म्हणता यायची. पण माणसं ते काळ कशासाठी वापरतात, हे तुम्ही सोल संगीतातल्या, म्हणजे अमेरिकेतल्या आफ्रिकन अमेरिकन समाजात घडलेल्या संगीतातल्या, जुन्या प्रेमगीतांतून दाखवलंत.

ओटिस रेडिंगच्या 1965 च्या 'आयव्ह बीन लव्हिंग यू टू लाँग'चा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. आधी कागद पालथा ठेवून गाणं नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा वाजलं की कागद उलटायचा. त्यावर ओळी होत्या, पण क्रियापदांच्या जागा कोऱ्या. ऐकू येईल ते लिहायचं. 'लव्ह'सारख्या मनाची अवस्था सांगणाऱ्या क्रियापदांना सहसा 'आयएनजी' लावत नाहीत, हा नियम तुम्हीच आदल्या तासाला दिला होता आणि इथे तर तो शीर्षकातच मोडलेला. तुम्ही म्हणालात, "नियम खरा आहे, परीक्षेत तोच पाळा. पण याला 'प्रेम आहे' एवढंच सांगायचं नाहीये. करत आलोय, अजून करतोच आहे, असं सांगायचंय." मग शीर्षकाचा उरलेला भाग, 'टु स्टॉप नाऊ'. "'टू' काढून वाक्य पुन्हा लिहा" हा प्रश्न मी कितीदा तरी सोडवला होता. त्या रचनेत 'नॉट' कुठेही नसतो, तरी नकार असतो. आणि या गाण्याचा सगळा जीव त्या नकारातच आहे: आता थांबणं शक्य नाही. रेडिंगच्या आवाजात ते ऐकल्यावर कुणी समजावून सांगायची गरजच उरली नाही.

ग्लॅडिस नाइट यांचं 1970 चं 'इफ आय वेअर युअर वुमन' लावलंत तेव्हा 'आय'पुढे 'वेअर' का, असं आम्ही विचारलं. तुम्ही मराठीतून उलट प्रश्न टाकलात: "'मी तुझी असते तर' म्हणताना तुम्ही तरी कधी झालेल्या गोष्टीबद्दल बोलता का?" तसं नाहीये, हे 'असते' या रूपातच आलं. त्या दिवसापासून इंग्रजीतलं ते वाक्य मला परकं वाटलं नाही. बेन ई. किंगच्या 'स्टँड बाय मी'मध्ये 'इफ'नंतर येणारा 'शुड' म्हणजे 'पाहिजे' नव्हे, 'जर कधी असं झालंच तर', हेही असंच एका ओळीत कळलं.

सगळ्यात जास्त ऋणी आहे ती 'एन्ट'च्या, म्हणजे 'इज नॉट'ऐवजी बोलीत येणाऱ्या शब्दाच्या, तासाबद्दल. मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांचं 1967 चं 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' ऐकून कुणीतरी म्हणालं, हे तर अशुद्ध इंग्रजी. तुम्ही ते तिथेच थांबवलंत. आफ्रिकन अमेरिकन समाजाच्या बोलीत 'एन्ट'सोबत 'नो' येणं हा तिथला नियमच आहे, आणि जी माणसं हे संगीत घडवत होती त्यांच्या बोलीला अशुद्ध म्हणायचा आपल्याला अधिकार नाही, असं ठामपणे सांगितलंत. अर्जात काय लिहायचं तेही शिकवलंत, पण तो बोलीचा मान आधी. 'इनफ' विशेषणाच्या मागून येतो, हे मात्र प्रमाण इंग्रजीतही तसंच, असं सांगून पुढे गेलात.

गाणी याच परंपरेतली का, ते मला पुढे उमगलं. सोलची मुळं चर्चमधल्या गॉस्पेल गायनात आहेत. मुख्य गायक एक ओळ म्हणतो आणि साथीचे आवाज ती उचलतात, तिला उत्तर देतात. त्यामुळे एकच रचना कानावर पुन्हा पुन्हा पडते आणि कंटाळा येत नाही. शब्दही रोजचे, छोटे: होल्ड, स्टे, नीड, लीव्ह. टेम्प्टेशन्सच्या 'माय गर्ल'मधला 'आयव्ह गॉट' बोलताना किती भरभर निघून जातो! गाण्यात तो नीट पकडता आला.

छापील ओळींवर तुम्ही कधी विसंबला नाहीत. प्रत्येक गाणं स्वतः कान देऊन ऐकायचात, शब्द ताडून बघायचात, मगच कागद तयार करायचात. त्यामागची मेहनत तेव्हा दिसली नव्हती, आता दिसते. कारण आता मीही काही जणांना शिकवते आहे. अल ग्रीनच्या 'लेट्स स्टे टुगेदर'चा कागद तयार करतेय, 'व्हेदर'च्या रचनेसाठी. क्रियापदांऐवजी या वेळी जोडशब्द कोरे ठेवले तर चालेल का, ते कळवाल?

मनापासून आभार, बाई.

आपली विद्यार्थिनी