ठेव ठेवली म्हणजे विश्वास कमी पडला का?

अहिल्यानगर

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सलाम.

चर्चच्या मंडळीचा खजिनदार झालास! अभिनंदन करू की सांत्वन, ते ठरेना. हंगामाच्या सणाला लोकांनी आणलेल्या वस्तूंच्या लिलावातले पैसे छपरासाठी मुदत ठेवीत टाकू असं तू पहिल्याच पंच कमिटीत सुचवलंस, आणि एका वडीलधाऱ्या बंधूंनी बायबलातल्या मत्तयाचा सहावा अध्याय काढून तुला गप्प केलं. आकाशातली पाखरं कोठारात साठवत नाहीत. आता यावर कोण काय बोलणार?

मला वाटतं, बोलावं. त्या अध्यायात प्रभूने चिंता मना केली आहे, हिशेब नव्हे. योहानाचा सहावा अध्याय काढ. पाच हजार लोक पोटभर जेवले आणि लगेच शिष्यांना हुकूम झाला की उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ देऊ नका. ज्याच्या हातात भाकरी वाढत होत्या, त्याला तुकड्यांची काय गरज होती? तरी बारा टोपल्या भरल्या. चमत्काराचं प्रवचन ऐकताना आपण टोपल्यांपर्यंत पोहोचतच नाही, तोवर जेवायची वेळ झालेली असते.

रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेल्या अन्नाचं, मान्न्याचंही बघ. निर्गमच्या सोळाव्यात ज्यांनी हावेपोटी उद्यासाठी ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा असं देवानेच सांगितलं, आणि तो रात्रभर ठेवलेला मान्ना शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, ताजाच राहिला. म्हणजे साठवण्याला सरसकट मनाई नव्हती. कुणाच्या सांगण्यावरून ठेवलं आणि कशासाठी, हे बघितलं गेलं. लूकच्या बाराव्यातल्या श्रीमंत शेतकऱ्याने कोठारं मोठी करायचं ठरवलं तर देवाने त्याला मूर्ख म्हटलं. योसेफाने मिसरात सुकाळाची सात वर्षं पाचवा हिस्सा साठवला तर तो शहाणा ठरला. कोठारं दोघांचीही. एकाच्या बेतात त्याच्याशिवाय कुणीच नव्हतं, दुसऱ्याच्या कोठारावर सगळा देश जगला, वर त्याला विकून टाकणारे भाऊसुद्धा.

तुमचे बंधू जॉर्ज म्युलरचं नाव घेणारच, म्हणून आधीच सांगतो. मूळचा प्रशियाचा हा माणूस इंग्लंडात ब्रिस्टलला राहिला आणि १८३६ साली त्याने अनाथ मुलांसाठी घर उघडलं. पुढे अ‍ॅशली डाउनवर पाच मोठ्या इमारती झाल्या, एका वेळी दोन हजार मुलं तिथे राहू लागली. माणसांपुढे त्याने पैशासाठी हात पसरला नाही, फक्त प्रार्थना केली. मुलं रिकाम्या ताटांसमोर बसलेली आणि दारात दूधवाल्याची गाडी मोडली, ही गोष्ट तू रविवारच्या शाळेपासून ऐकत आला आहेस. मात्र हाच म्युलर दरवर्षी जमाखर्च छापून लोकांपुढे ठेवायचा, आणि उधारीवर काही घेत नसे, हे सहसा कुणी सांगत नाही. अहवालात देणाऱ्याचं नाव नसे, रक्कम असे. आपल्याकडे नेमकं उलट! पंख्याच्या पात्यावर दात्याचं नाव रंगवलेलं, आणि पंखा केवढ्याला पडला ते विचारू नये.

इतकं लांब जायलाही नको. दौंडजवळचं केडगाव तुझ्यापासून किती लांब आहे? पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेला अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. ती मुदत कधीतरी संपणार हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी प्रार्थना केली आणि केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली, पुढे संस्थेने आपल्या पायावर उभं राहावं म्हणून. त्याच जमिनीवर त्यांनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांना आसरा दिला. ज्या बाईने स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावले, तिला देवावर विसंबणं म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये विणकाम होतं, तेलाचे घाणे होते, छापखाना होता, आणि प्रार्थना तर पहाटेपासून. या दोहोंत भांडण आहे असं तिथे कुणाला वाटलेलं दिसत नाही.

आता कामाचं. दानपेटी दोघांनी मिळून उघडायची, तिथेच मोजायचं, दोघांनीही सही करायची. तू कितीही प्रामाणिक असलास तरी एकट्याने मोजू नकोस. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना प्रेषित पौलानेसुद्धा मंडळ्यांनी नेमलेले बंधू सोबत घेतले, कुणी दोष लावू नये म्हणून (दुसरे करिंथ, अध्याय आठ). छपराचा पैसा वेगळ्या खात्यात टाक, आणि पाळकांचा पगार अडला तरी त्याला हात लावू नकोस; पगारासाठी मंडळीपुढे उघडपणे उभा राहा. ३१ मार्चची वाट न बघता दर महिन्याचा जमाखर्च फलकावर लाव. धर्मादाय आयुक्तांकडे वर्षाचा हिशेब जातोच, पण ज्या म्हातारीने दहा रुपये टाकले तिला तो आधी दिसला पाहिजे.

पत्राच्या शेवटी घाईघाईत लिहिलेल्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. ओव्हरटाइम बंद झालाय, मुलाची फी भरायचीय, आणि मिळकतीचा दशमांश मंडळीला द्यावा की नाही. दिलंस तर दुप्पट परत येईल असं मी म्हणणार नाही. ‘दशमांश आणा, मी आशीर्वाद ओतीन’ म्हणणारा मलाखीचा तिसरा अध्याय लॉटरीच्या तिकिटासारखा विकणारी प्रवचनं ऐकली की माझं डोकं फिरतं. दुष्काळात उरलेल्या मूठभर पिठातून एलीया संदेष्ट्याला आधी भाकरी देणारी सारफथची विधवा मला आठवते. तिचं मडकं काठोकाठ भरलं असं शास्त्र कुठे म्हणत नाही. पीठ सरलं नाही, एवढंच. रोज तळाशी हात घालायचा आणि रोज त्या दिवसापुरतं मिळायचं. तसे दिवस काढणं सोपं नाही, आणि तुला ते काढावे लागताहेत. वहिनींशी बसून बोल, दोघांच्या मनाला जे पटेल ते द्या. यंदा कमी दिलंत तर देव दारात वसुलीला येणार नाही.

फीची शेवटची तारीख कळव. आमच्याकडे थोडे बाजूला ठेवलेले आहेत आणि ते कशासाठी ठेवले होते हे आम्हालाच आजवर नीट माहीत नव्हतं. परत कधी करायचे ते तुझं तू ठरव, पण वहीत लिहून ठेव, खजिनदार आहेस.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना सलाम.

तुझाच,
नगरकर